अंगठ्याखालची जाहिरात

किल्लीच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवायची आणि त्या टोपीवर जाहिरात छापायची, ही कल्पना ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली, त्याने स्वतःच्या हाताने कधी कुलूप उघडलेलं नसावं. किल्ली धरायची जागा तीच आणि जाहिरातीची जागाही तीच. किल्ली टेबलावर पडलेली असते तेव्हा जाहिरात दिसते, पण तेव्हा किल्लीकडे कुणी बघत नाही. खिशात असते तेव्हा अंधार असतो. दिवसभरात माणूस किल्लीकडे निरखून बघतो तो एकच क्षण, कुलपात घालतानाचा, आणि नेमक्या त्या क्षणी जाहिरातीवर त्याचाच अंगठा असतो. अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये वस्तू धरायच्या या पकडीला हातावर उपचार करणारे थेरपिस्ट 'की पिंच' म्हणतात. तिची ताकद मोजायचं उपकरणसुद्धा असतं. त्या पकडीखाली किती मजकूर चिरडला जातो हे मोजायचं उपकरण मात्र निघालेलं नाही. निघालं तर माझा धंदा बसेल, कारण मी या टोप्या डिझाइन करतो.

धंद्यात 'की कव्हर' म्हणतात. मी टोपी म्हणतो, कारण ती कुणाच्या तरी डोक्यावर बसवायची असते, आणि बहुतेक वेळा ते डोकं माझं असतं.

घरच्या साध्या किल्लीचं डोकं साधारण वीस ते पंचवीस मिलिमीटर रुंद असतं. त्यातून कडी ओवायचं भोक वजा करा, टोपीची किनार वजा करा, की उरते अंगठ्याच्या नखाएवढी जागा. या नखावर गिऱ्हाइकाला काय काय हवं असतं? बोधचिन्ह, पूर्ण नाव, ब्रीदवाक्य, दोन फोन नंबर (एक नेहमी बंद असतो म्हणून दुसरा), वेबसाइट, स्थापनेचं साल. "आणि अहो, जरा मोकळी जागाही सोडा, लोकांना लिहायला. म्हणजे 'मुख्य दार', 'कपाट' वगैरे. उपयोगाची वस्तू वाटली पाहिजे ना."

सहा पॉइंटचं अक्षर म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर उंची. इंग्रजी कॅपिटल अक्षरं त्यात अंग चोरून उभी तरी राहतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी लागते, खाली उकार लागतो, आणि मधल्या उरलेल्या पट्टीत जोडाक्षराचा संसार. एका गिऱ्हाइकाच्या ब्रीदवाक्यात 'उत्कृष्टता' आणि 'विशेष' हे दोन्ही शब्द होते. छापून आल्यावर 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ शाईत बुडाली आणि आख्खी कंपनी 'विशेप' झाली. 'उत्कृष्टता' या शब्दाचं काय झालं ते सांगत नाही. तो नुसता डाग होता. साहेबांनी भिंग मागवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ठळक करून बघू या का?"

पूर्वी ही अडचण नव्हती. लोखंडी किल्ल्या वीतभर असायच्या, त्यांच्या डोक्यावर वेलबुट्टी काढायलाही ऐसपैस जागा. प्राचीन रोममध्ये छोट्या किल्ल्याही होत्या, पण त्या अंगठीला जडवून बोटात घालत. म्हणजे मिरवायची सोय तरी होती. मग अमेरिकेत लिनस येल धाकटे आले. थोरल्या येलांनी पिनांच्या कुलपाचा पाया घातलाच होता. धाकट्यांनी १८६१ मध्ये चपट्या, छोट्या, दातेरी किल्लीच्या कुलपाचं पेटंट घेतलं. माणसाचा खिसा हलका झाला, माझं डोकं जड. हॉटेलवाल्यांनी यावर जुना उपाय काढला होता. किल्लीला असा अवजड बिल्ला लावायचा की पाहुण्याला ती खिशात घालून निघून जायचा मोहच होऊ नये. त्या बिल्ल्यावर हॉटेलचं नाव, खोलीचा नंबर आणि 'सापडल्यास टपालपेटीत टाका' एवढं सगळं मावायचं. मी हा बिल्ला गिऱ्हाइकांना सुचवून बघतो. ते म्हणतात, "नको, किल्लीला चिकटलेलंच पाहिजे. ब्रँड कसा, हाताशी हवा." हाताशी कसला, हाताखाली.

बरं, डोक्यावर बसवायचं म्हणावं तर डोकी तरी एकसारखी असावीत. गोल डोकं असतं, चौकोनी असतं, षटकोनी असतं, तीन पाकळ्यांचं असतं. किल्ली बनवणाऱ्या कंपन्या डोक्याच्या आकारावरूनच ओळखू याव्यात म्हणून मुद्दाम वेगळेपण जपतात. कुणाचं भोक मधोमध, कुणाचं कडेला, कुणाचं लांबट. जाडीही आपापली. एखाद्याने एकाच दाराच्या दोन किल्ल्या वेगवेगळ्या ठिकाणी करून घेतल्या असतील तर त्या एकमेकींच्या नात्यातल्या वाटत नाहीत. आणि साहेबांची मागणी ठरलेली: "युनिव्हर्सल करा." युनिव्हर्सल टोपी मी पुष्कळ पाहिली आहे. ती सगळ्या किल्ल्यांवर बसते आणि सगळ्या किल्ल्यांवरून निघते.

ताणून बसवायची तर मऊ पीव्हीसी बरा. पण पीव्हीसी जन्मतः मऊ नसतो, त्याला प्लॅस्टिसायझर पाजून मऊ करावा लागतो. हे पाजलेलं द्रव्य आत स्वस्थ बसत नाही, हळूहळू पृष्ठभागावर येतं. मग वरची शाई चिकट होते, आणि लेबल लावलं असेल तर त्याचा गोंद लिबलिबीत होऊन लेबल चालायला लागतं. एका नमुन्यावरचं 'गोदाम' सरकत सरकत टोपीच्या मागे गेलेलं मी स्वतः पाहिलं. शेजारच्या किल्लीवर त्याचा उलटा ठसाही उठला होता. म्हणजे आता दोन्ही किल्ल्या गोदामाच्या.

शेवटी मी पॉलिप्रॉपिलीनवर आलो. या प्लॅस्टिकचा एक गुण मला मनापासून आवडतो. दोन जाड भागांच्या मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पट्टी ठेवली तर तीच बिजागरी होते. शांपूच्या बाटलीचं झाकण बघा. उघडमीट करून माणूस थकतो, पण ती पट्टी तुटत नाही. अट एकच, साच्यातून निघाल्यावर गरम असतानाच ती एकदोनदा वाकवायची, म्हणजे आतले रेणू बिजागरीच्या रेषेला आडवे ओढले जाऊन रांगेत बसतात. तर टोपी अशी: दोन पानं, मध्ये बिजागरी, किल्लीचं डोकं पानांत ठेवायचं आणि टच्चकन मिटायचं. एका पानावर जाहिरात, दुसऱ्यावर चिठ्ठीची खिडकी. पानं घट्ट राहावीत म्हणून आतून एक खुंटी काढली, ती किल्लीच्या भोकातून पलीकडे जाऊन अडकते. रेखाचित्र इतकं देखणं झालं की मीच त्याच्या प्रेमात होतो. टोप्यांचे साचे करणाऱ्या मास्तरांनी ते हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "आणि कडी कुठून ओवायची?"

मास्तर मितभाषी. त्यांचं बोलणं असं एका वाक्यात येतं आणि आठवड्याचं काम वाढवून जातं. खुंटी पोकळ करून मधून कडी काढायचं ठरलं. मग साहेबांना साच्याचं गणित समजावणं आलं. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना एक ते अडीच टक्के आकसतं, म्हणून चोवीस मिलिमीटरची टोपी हवी तर पोलादातला खळगा त्याहून मोठा कोरावा लागतो. भिंतींना एकदोन अंशांचा उतार द्यावा लागतो, नाहीतर माल साच्यातून सुटत नाही. साहेब उताराचं चित्र बघून म्हणाले, "हे वाकडं आहे." मी म्हटलं, "साहेब, मुद्दाम वाकडं आहे." "पण आम्हाला सरळ पाहिजे." यापुढचा तासभर मी गाळतो.

मास्तरांचा एक सल्ला सोन्याचा होता. ते म्हणाले, "छापता कशाला? अक्षरं साच्यातच कोरतो. माल उठावाचा येईल, जन्मभर जाणार नाही." पोलादात कोरलं की प्लॅस्टिकवर उठून येतं, म्हणजे खर्चही आटोक्यात, आणि अंगठ्यालाही वाचता येतं. अंगठ्याखाली जाणाऱ्या मजकुराने अंगठ्याशीच बोलावं, याहून शहाणपणाचं काय असणार? मी ते हिरिरीने मांडलं. साहेबांनी दोन आक्षेप घेतले. एक, बोधचिन्ह चार रंगांत आहे. दुसरा, कोरल्यावर अक्षरं जाड वाटली तर नंतर जरा बारीक करता येतील ना? मास्तर म्हणाले, "पोलादातलं काढता येतं, परत घालता येत नाही." साहेबांना हा उर्मटपणा वाटला. छपाईच करायचं ठरलं.

आता पॉलिप्रॉपिलीनचा अवगुण. त्याला अंगाशी कुणी आलेलं आवडत नाही. पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी की शाई पसरायच्या ऐवजी थेंब धरून बसते, आणि वाळली तरी नखाने निघते. उपाय ठाऊक असलेला आहे: छपाईआधी पृष्ठभागावरून गॅसची ज्योत भरकन फिरवायची, किंवा उच्च दाबाच्या विजेचा मारा करायचा (धंद्यात त्याला 'कोरोना' म्हणतात), म्हणजे शाई धरते. मी हे लेखी कळवलं. उत्तर आलं: "नव्या मालाला आग लावण्याची आमच्याकडे पद्धत नाही."

मग क्यूआर कोड. नखावर तो हवा असं मार्केटिंग खात्यातल्या तरुण मंडळींना वाटलं. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवायला निघाला, तेव्हा लहान वस्तूवर तो शोभतो हे कबूल. पण नेहमीच्या क्यूआरमधल्या सर्वांत छोट्या कोडलाही एकवीस बाय एकवीस घरं लागतात, वर चारी बाजूंना चार-चार घरांची कोरी चौकट. म्हणजे एकोणतीस. पंधरा मिलिमीटरांत बसवला तर एक घर अर्ध्या मिलिमीटरचं. तेही चाललं असतं, पण यांच्या वेबसाइटचा पत्ता इतका लांब की छोट्या कोडात मावेना. घरं वाढवावीत तर ती मुंगीला पुरतील एवढी. शिवाय मधोमध कडीचं भोक. "भोकातून काही डेटा जात असेल तर चालेल," असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. खरं तर तो चुकला नव्हता, कोडचा काही भाग गेला तरी चालतो. फक्त त्यासाठी कोड आणखी मोठा करावा लागतो.

याच मंडळींची दुसरी कल्पना म्हणजे स्पर्धा. टोपी घातलेल्या किल्लीचा फोटो काढा, समाजमाध्यमांवर टाका, बक्षीस मिळवा. इथे मात्र मी विनोद बाजूला ठेवला. टोपी डोकं झाकते, दाते उघडेच राहतात, आणि दाते म्हणजेच किल्ली. २००८ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी नुसत्या फोटोवरून दात्यांची मापं काढून दाखवली. एक फोटो त्यांनी १९५ फुटांवरून, गच्चीवरून घेतला होता. तुमचे ग्राहक तर हातभर अंतरावरून, चांगल्या उजेडात काढणार, वर खिडकीतल्या चिठ्ठीवर 'मुख्य दार' लिहिलेलं. स्पर्धा कोण जिंकेल हे सांगायला परीक्षक नको. मंडळी गप्प झाली. मग एकाने विचारलं, "दाते ब्लर केले तर?"

चिठ्ठीचंही तेच. 'हरवल्यास या पत्त्यावर पोचवा' असं छापून खाली ओळी आखून द्यायचा साहेबांचा आग्रह होता. किल्ली ज्याला सापडेल तो ती आणून देईलच, फक्त घंटी वाजवणार नाही, हे मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. ओळी गेल्या. चिठ्ठीऐवजी किल्ली ओळखायला रंगांवर भिस्त ठेवायची तर तेही सोपं नाही. पुढच्या दाराला लाल, मागच्याला हिरवा, हे ठीक. पण युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या सुमारे आठांना लाल-हिरव्याचा घोळ असतो, आणि जिन्यातला दिवा गेला की उरलेल्या ब्याण्णवांनाही. म्हणून मी कडेला खाचा दिल्या. एक खाच, दोन खाचा, तीन. माझ्या मते अख्ख्या टोपीत तेवढंच काम खरं आहे. मंजुरीच्या बैठकीत त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून त्या वाचल्या.

टोप्या बनल्या, वाटल्या गेल्या, लोकांनी त्या आनंदाने वापरल्या. फुकटच्या वस्तूला दोन्ही हात पुढे येतात. काही महिन्यांनी साहेबांनी बोलावलं. टेबलावर वापरलेल्या टोप्यांचा ढीग. खिशातल्या नाण्यांनी आणि शेकडो अंगठ्यांनी चार रंगांतलं बोधचिन्ह पुसून साफ केलं होतं. फोन नंबरातले मधले तीन आकडे टिकून होते. मी ज्योतीचा विषय काढणार, तेवढ्यात साहेबांनी एक टोपी उघडून, आतली बाजू माझ्यासमोर धरली. तिथे मास्तरांनी त्यांच्या नेहमीच्या सवयीने, कुणाला न विचारता, प्लॅस्टिकची जात सांगणारा बाणांचा छोटा त्रिकोण कोरला होता. अमेरिकेत १९८८ पासून चालत आलेली खूण. पॉलिप्रॉपिलीनला त्यात पाच आकडा. साच्यातून उठलेला तो त्रिकोण नव्यासारखा कोरा करकरीत होता.

साहेबांचा आवाज दुखावलेला होता. "एवढंच सांगा," ते म्हणाले, "ही पाच नंबरवाली कंपनी कुठली? आणि आमच्या टोपीवर यांची जाहिरात तुम्ही कुणाला विचारून घेतलीत?"