रस्ता आधी की प्रयोगशाळा? घोडबंदरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही घाईत दोन ओळी टाकून मोकळा होत नाही. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंद्राने विज्ञान-तंत्रज्ञानावरचा खर्च वाढवावा म्हणून ठाण्यातले आम्ही काही जण खासदारांना पत्रं पाठवतोय, सह्या गोळा करतोय. तुमचं म्हणणं असं: घोडबंदर रोडवर रोज दीड तास अडकणाऱ्याच्या कराचा पैसा आधी रस्त्याला लागू दे. संशोधन कंपन्या करतील. त्यासाठी सरकारने १ लाख कोटी दिलेच आहेत, आणि मंजूर झालेला पैसा तरी कुठे वेळेवर पोचतो? तलावपाळीवर सह्या घेऊन काय होणार?

रस्त्याचा संताप माझाही आहे, मी कापूरबावडीला राहतो. पण तो रस्ता महापालिका आणि राज्याच्या यंत्रणांच्या पैशातून होतो आणि आम्ही मागतोय ते केंद्राच्या अर्थसंकल्पातून. उद्या एखादी प्रयोगशाळा बंद केली, तरी त्यामुळे गायमुखचा एकही खड्डा बुजणार नाही.

आता कंपन्यांचं. २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार आपला संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा साधारण ३६ टक्के. तो वाटा वाढायलाच हवा, इथे तुमचं-माझं एकमत आहे. दक्षिण कोरियात बहुतेक खर्च उद्योगच करतात. पण तिथल्या एकट्या सरकारचा खर्च धरला तरी तो जीडीपीच्या १ टक्क्याच्या आसपास जातो, म्हणजे आपल्याकडे सरकार आणि कंपन्या मिळून करतात त्याहून जास्त. सरकारने हात आखडता घेतला म्हणून तिथल्या कंपन्या पुढे आल्या, असं झालेलं नाही.

शिवाय काही कामं अशी आहेत की ती कुठलीच कंपनी करणार नाही. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवलं. तिथली इमारत चुंबकाला न ओढणाऱ्या पोरबंदरच्या दगडात बांधली. मालिका तुटू नये म्हणून १९०४ ते १९०६ ही दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवल्या. केवढी ही काळजी! आज ते काम नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. सप्टेंबर १८५९ मधलं प्रचंड सौरवादळ कुलाब्याच्या वहीत नोंदलं गेलं होतं. जवळजवळ दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून ते वादळ किती मोठं होतं याचा अंदाज बांधला. तसं वादळ पुन्हा आलं तर उपग्रहांचं आणि वीजवाहिन्यांचं काय होईल, हा आजचा प्रश्न आहे. वही लिहिणाऱ्याच्या काळात आकाशात एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. दर तिमाहीला नफा दाखवावा लागणारी कंपनी इतकी वर्षं रोज अशी नोंद ठेवेल का, तुम्हीच सांगा.

दुसरं उदाहरण हापूसचं. अमेरिकेने २००७ मध्ये आपल्या आंब्याला दार उघडलं ते एका अटीवर: कोयीत दडणाऱ्या भुंग्याची पैदास थांबावी म्हणून फळाला किमान ४०० ग्रे इतकी किरणांची मात्रा द्यायची. पहिल्या वर्षीच्या पेट्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रकल्पात तयार झाल्या, पुढे वाशीतही सोय झाली. या केंद्रात, ट्रॉम्बेला, या विषयावर साठच्या दशकापासून काम चालू होतं. इतकी वर्षं पगार आणि यंत्रांवर झालेला खर्च कुणाला वायाच वाटला असता. देवगडच्या बागायतदाराला त्याचा उपयोग झाला तो चाळीस वर्षांनी.

१ लाख कोटींबद्दल. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ती योजना मुख्यतः उद्योगांना कमी किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचा पैसा मिळावा यासाठी आहे, तेही तंत्रज्ञान कल्पनेपासून बाजाराकडे काही पायऱ्या वर चढल्यावर. चांगलीच आहे. पण पहिल्या पायरीवर बसलेल्या पीएचडीच्या मुलीला त्यातून काही मिळत नाही.

अशी एक मुलगी माझ्या नात्यात आहे. माझी भाची कळव्याला दोघींबरोबर खोली घेऊन राहते. कुठल्या संस्थेत शिकते ते लिहीत नाही. गेल्या वर्षी सात महिने तिची फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी रक्कम, आली नाही. दिवाळीत तिची प्रयोगाची वही चाळली. पुढच्या पानांवर पेशींची मोजणी, सुबक अक्षरात, तारीखवार. शेवटच्या पानावर उसनवारी: मामा ८,०००, मेसवाल्या काकू ५,५००. खाली ‘टिप्स १,२४०, माझे’. द्रव मोजून घ्यायच्या पिपेटच्या टोकाला लावायच्या प्लास्टिकच्या नळ्या तिने स्वतःच्या, म्हणजे उसन्याच, पैशातून आणल्या होत्या, कारण पेशी वाढत होत्या आणि त्या बिलासाठी थांबत नाहीत. मी वही मिटली आणि बराच वेळ बोललो नाही. म्हणून तुमचं ते वाक्य, मंजूर पैसा पोचत नाही हे, मला सगळ्यात जास्त लागलं. ते खरं आहे आणि आमच्या पत्रात ते नव्हतं. ही आमची चूक.

मागून काही होत नाही, हे मात्र मला मान्य नाही. ९ ऑगस्ट २०१७ ला देशभर शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, विज्ञानासाठी जीडीपीच्या ३ टक्के मागितले. ते मिळाले नाहीत. पण २०१८ च्या अखेरीस संशोधक विद्यार्थ्यांनी पुन्हा आवाज उठवला आणि जानेवारी २०१९ मध्ये ज्युनियर फेलोशिप दरमहा २५,००० वरून ३१,००० रुपये झाली. पुढे २०२३ पासून ३७,०००. त्या मुलांच्या हातात मतांचा गठ्ठा नाही. संप केला तर नुकसान त्यांच्याच प्रयोगाचं. मग त्यांच्यासाठी आपण, बाहेरच्यांनी, बोलायला नको का?

तुमच्या प्रतिक्रियेनंतर पत्रात आणखी एक मागणी घातली आहे: फेलोशिप दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात जमा व्हावी आणि उशीर झाला तर कारण लेखी कळवावं. रविवारी सकाळी साडेसात ते दहा आम्ही तलावपाळीवर असू. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण या मागणीचे शब्द एकदा वाचून बघा. काही बदलावंसं वाटलं तर पेन माझ्याकडे आहे.