वकीलसाहेब, मुखत्यारपत्राबद्दल तुमचं बरोबर आहे

वकीलसाहेब, नमस्कार.

तुमचे आक्षेप दोन. 'भावाला मुखत्यारपत्र दिलं की परदेशात बसून भारतातला बदनामीचा दावा चालवता येतो' हे माझ्या आधीच्या लेखातलं वाक्य दिशाभूल करणारं आहे, हा पहिला. आणि देश सोडून गेलेल्यानं मागे राहिलेल्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणं हा निव्वळ अहंकार, हा दुसरा.

पहिला बिनशर्त मान्य. मुखत्यार दावा दाखल करतो, तारखांना उभा राहतो. पण जे फक्त मला ठाऊक आहे त्याची साक्ष तो देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानकी भोजवानी प्रकरणात 2004 सालीच हे सांगितलंय. मला हे कळलं उलटतपासणी तोंडावर आल्यावर. व्हिडिओवरून साक्ष देता येते, प्रफुल्ल देसाई प्रकरणापासून (2003) तो रस्ता मोकळा आहे. पण परदेशातल्या साक्षीदाराजवळ साधारणपणे वकिलातीतला अधिकारी लागतो, आणि तिथे कोर्टात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा इथे टोरंटोत उन्हाळ्यात रात्रीचा दीड! शेवटी विमानानं आलो. दुपारी चारपर्यंत बाकावर बसलो, पुकारा झाला, समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, मिळाली. रजा संपली, परत गेलो.

आता अहंकाराचं. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं लिहिलं की मी वडिलांच्या आजारपणात सह्या घेऊन जमिनीचे पैसे बाहेर नेले. टोरंटोत हे कुणाच्या गावीही नाही. इथे मला ओळखतं कोण? माझं नाव आहे ते आई राहते तिथे, आणि त्या मेसेजनंतर ती दोन लग्नांना गेली नाही. 'गुडघे दुखतात' म्हणाली. म्हणून दावा तिथे. मेसेज जिथे वाचला गेला, प्रतिवादी जिथे राहतो, कायद्यानंही जागा तीच.

फौजदारी मुद्दाम केली नाही. न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते; चुलत्याच्या मुलाला आत पाठवायचं नव्हतं मला. शिवाय तिथे फिर्यादीच गैरहजर राहिला तर आरोपी सुटण्याची टांगती तलवार, आणि मी तर कायमचाच गैरहजर. हा हिशेबही होता, लपवत नाही.

पण दिवाणीत दावा दाखल करायची मुदत एकच वर्षाची. तुम्हाला हे पाठ असेल, इतर वाचकांसाठी लिहितो: प्रतिवादी भारताबाहेर असला तर तो काळ मुदतीतून वजा होतो, वादी बाहेर असला तर एक दिवसही नाही. मला मेसेज कळला तोच सातव्या महिन्यात. मग नोटीस, तिचं उत्तर, 'बसून मिटवू'चे फोन. मुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं, ते तिथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा. दावा दाखल झाला तेव्हा हातात नऊ दिवस उरले होते. 'मिटवू' म्हणणाऱ्यांना ही तारीख ठाऊक होती, असा माझा संशय आहे.

आणि सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. मी त्या ग्रुपमध्ये नव्हतो. मेसेज होता एका वहिनीच्या फोनमध्ये, तेव्हा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63च्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाबरोबर तिचीही सही हवी. ती सही करून तिला त्याच वाड्यात राहायचं होतं. तिनं केली. पायऱ्या चढायला लावल्याचा तुमचा ठपका वहिनीपुरता मी घेतो. ज्यानं मेसेज लिहिला त्याच्यापुरता नाही.

निकाल लागलेला नाही. ते वाक्य मात्र आज सकाळी दुरुस्त केलं.