'रूट पाथ दिला की स्पार्क सगळा डेटा वाचतो' हे चूक आहे

स्पार्क (मोठा डेटा अनेक मशीन्सवर वाटून हाताळणारं सॉफ्टवेअर) शिकणाऱ्यांच्या ग्रुप्सवर एक पोस्ट फिरतेय. म्हणे रूट पाथ, म्हणजे टेबलाच्या सगळ्यात वरच्या फोल्डरचा पाथ, कधीच द्यायचा नाही, स्पार्क सगळा डेटा वाचत बसतो, त्यापेक्षा लूप लावून एकेक फोल्डर वाचा आणि युनियन करत, म्हणजे एकाखाली एक जोडत जा. मी सोडून दिलं असतं, पण धाकट्या बहिणीने तेच वाचून कोड लिहिला आणि रात्री साडेअकराला फोन, "दादा, महिन्याचा कॉलमच गेला."

जाणारच ना! इयर=२०२४, मंथ=०३ हे सहसा पार्के (डेटा साठवायचा एक फॉरमॅट) फाइलच्या आत नसतंच, फोल्डरच्या नावात असतं. थेट आतल्या फोल्डरचा पाथ दिला की स्पार्क वरची नावं कॉलम म्हणून धरत नाही. हे माझ्या मनाचं नाही, स्पार्कच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये पार्टिशन डिस्कव्हरी (फोल्डरच्या नावांवरून कॉलम ओळखणं) या मथळ्याखाली लिहिलंय, १.६.० व्हर्जनपासून असंच आहे, आणि उपायही तिथेच आहे: बेसपाथ ऑप्शनमध्ये टेबलाचा रूट द्या. एक ओळ! पोस्टमध्ये तिचा पत्ता नाही. बहिणीने बारा महिने एकत्र केले आणि मार्चची विक्री कुठली, एप्रिलची कुठली, कळायला मार्गच नाही. त्याहून वाईट म्हणजे युनियन कॉलमचं नाव बघत नाही, क्रम बघतं. तिच्या जूनच्या फाइल्समध्ये किंमत आणि डिस्काउंट उलटसुलट होते, दोन्ही आकडेच, त्यामुळे एरर नाही काही नाही, बेरीज मात्र चुकलेली. नवीन शिकणाऱ्या पोरीला हे कसं सापडायचं? निदान नावाने जुळवणारं युनियनबायनेम वापरा एवढं तरी सांगायचं होतं.

सगळा डेटा वाचतो हेही चूक. रूट द्या, मंथवर फिल्टर लावा, एक्सप्लेन करून (म्हणजे स्पार्क काय करणार आहे ते छापून) पार्टिशनफिल्टर्सची ओळ बघा. फिल्टर तिथे दिसला म्हणजे बाकीच्या महिन्यांच्या फाइल्स उघडल्याच जात नाहीत. आणि लूप कशाला हवा, एकाच रीडमध्ये कितीही पाथ देता येतात, पायथनमध्ये लिस्टच्या आधी स्टार लावायचा, झालं.

एक मात्र मान्य करावं लागेल. रूट दिला की फोल्डर्सची यादी सगळीच करावी लागते, आणि एस३वर (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) हजारो पार्टिशन्स, म्हणजे असे फोल्डर्स, असतील तर जॉब सुरू व्हायलाच वेळ जातो. ३२पेक्षा जास्त पाथ झाले की स्पार्क ही यादी क्लस्टरवर, म्हणजे अनेक मशीन्सवर, वाटून करतो, तरी वेळ जातोच. तेव्हा मोजके फोल्डर्स खुशाल द्या, पण बेसपाथसकट.

बहिणीचा महिन्याचा कॉलम परत आलाय. फक्त स्पार्क फोल्डरच्या नावातल्या ०३ला आपणहून आकडा धरतो, त्यामुळे तिचं लेबल २०२४-३ असं येतंय, तेवढं उद्या दुरुस्त करायचंय.