लोकलमध्ये सायकल कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सायकल लोकलने नेऊन विरारच्या पुढे सफाळे ते पालघर केलेल्या फेरीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही विरारला राहता आणि रोज चर्चगेटला कामाला जाता. तुमचं म्हणणं असं की जिथे माणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही तिथे हौसेखातर सायकल घेऊन चढणं हा इतरांवर अन्याय आहे. लगेजच्या डब्यात चढलं तर तीही जागा कोळणींची आणि भाजीवाल्यांची. फोल्डिंग सायकल हा पैसेवाल्यांचा नाद. आणि चालवायचीच असेल तर घरापासून चालवा, लोकल कशाला हवी? शेवटच्या ओळीत तुम्ही तुमच्या मुलीबद्दल विचारलंत, त्याकडे शेवटी येतो.

गर्दीबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला एक शब्दही मला खोडायचा नाही. कामाच्या दिवशी सकाळी किंवा संध्याकाळी लोकलमध्ये सायकल न्यायची नाही, दुमडलेलीसुद्धा नाही. त्यात 'पण' नाही. मी जे सुचवतो ते रविवारी पहाटेचं आणि मुंबईकडे पाठ करून जाण्याचं. चर्चगेटकडे जाणारी फास्ट आणि डहाणूकडे निघालेली पहिली-दुसरी गाडी यांत किती फरक असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

इथे तुमचा एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. डहाणूच्या गाड्या मोजक्याच आहेत. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली, पण विरारच्या पुढे लोकल, मेमू, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या हे सगळं दोनच रुळांवर चालत आलंय; चौपदरीकरणाचं काम सुरू आहे. एक गाडी रद्द झाली की पुढचीत दुप्पट माणसं. अशा वेळी सायकलवाल्याने गाडी सोडायची, फलाटावर बसायचं आणि पुढचीची वाट बघायची. त्याला कुठे हजेरी लावायची नसते, शेजारी उभ्या असलेल्या बाईला लावायची असते. परतीचंही तसंच. रविवारचा जंबोब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या थांबवायची वेळ, साधारण सकाळी दहानंतर सुरू होतो आणि दुपारी तीन-साडेतीनला संपतो, त्यानंतर तासभर गाड्या तुडुंब भरून येतात. म्हणून पालघरहून निघताना घाई करू नये, चहा घ्यावा.

आता लगेजचा डबा. सफाळ्याच्या फलाटावर पहाटे मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला उभं राहून बघा: भाजीच्या पाट्या, माशांच्या टोपल्या, उन्हाळ्यात ताडगोळ्यांचे हारे. तो डबा त्यांचाच आहे. त्यांची वेळ आणि दिशा आपली नसावी, एवढं पाळलं की आपण त्यांच्या वाटेत येत नाही. अख्खी सायकल न्यायची असेल तर आधी स्टेशनवर विचारायचं, लगेजचं तिकीट काढायचं, आणि नाही म्हणाले तर वाद न घालता घरी जायचं. दुमडायची सायकल असेल तर ती नीट बांधायची. पेडल आत वळवलं, सीट खाली केली, हँडल पाडलं, मधलं बिजागर सोडून दोन्ही चाकं एकमेकांना टेकवली की साखळीच्या बाजूने जुनी चादर घट्ट गुंडाळायची आणि वर सुतळी. चादर विसरायची नाही. साखळीचं काळं ग्रीस दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला लागलं तर त्या माणसाचा रविवार आपण खराब केला.

'घरापासून चालवा' हे ऐकायला सरळ वाटतं, पण नकाशा समोर घेऊन बसा. विरार आणि सफाळे यांच्यामध्ये वैतरणेची खाडी आहे. रेल्वे पुलावरून ती काही मिनिटांत ओलांडते. विरार, वैतरणा, सफाळे, संपलं. रस्त्याने जायचं तर पूर्वेला अहमदाबाद हायवेला लागायचं, वरईपर्यंत कंटेनर आणि ट्रेलरच्या अंगाला अंग घासत जायचं, तिथून पारगावचा पूल ओलांडून परत पश्चिमेला यायचं. बोरिवलीहून निघणाऱ्याला त्याआधी घोडबंदरचा नाका आणि वर्सोव्याचा पूल. २०२५ मध्ये विरारजवळच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याच्या बाजूच्या जलसारला रो-रो, म्हणजे वाहनं नेणारी बोट, सुरू झाली तेव्हापासून खाडीवरून आणखी एक वाट मिळाली, विरारकरांनी ती जरूर वापरावी. पण अंधेरीच्या किंवा दादरच्या माणसाला हायवेवरच्या त्या धुरात आणि हॉर्नमध्ये सायकल चालवून काय मिळणार? सायकल चालवण्याजोगा रस्ता सफाळ्याच्या पुढे सुरू होतो. तिथपर्यंत जिवंत आणि ताजंतवानं पोचवायचं काम लोकलच करू शकते.

दुसरं असं की ज्या स्टेशनवर उतरलो तिथेच परत यायला लागत नाही. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. गाडी घेऊन गेलेला माणूस गाडीशी बांधलेला असतो, त्याला तिच्याकडे परतावं लागतं. सफाळ्याला उतरायचं, एडवणला आशापुरीचं दर्शन घ्यायचं, मग उत्तरेकडे वळून केळवे, त्याच्या शेजारचं माहीम (मुंबईतलं नव्हे), शिरगाव करत पालघरला गाडी धरायची. सगळं मिळून साधारण ४० किलोमीटर, जवळजवळ सगळं सपाट. दमलात तर केळव्याहून सरळ पूर्वेला वळून केळवे रोड स्टेशन गाठायचं; रस्ता तिथेच सोडून देता येतो. ऊन वाढलं, पंक्चर झाली, पोराने हट्ट धरला, काहीही झालं तरी समुद्रापासून काही किलोमीटरवर रूळ आहेतच. नवशिक्या माणसाला याचा केवढा धीर असतो!

आणि काय रस्ता आहे तो! केळव्याला सुरूचं बन आणि समुद्र बघायला सगळेच जातात. मला त्याच्या अलीकडच्या वाड्या जास्त आवडतात. नारळ-सुपारीच्या सावलीत पानवेली चढवलेल्या असतात, आत शिरलं की हवा एकदम गार. पडवीत ओल्या फडक्यावर बाया पानं एकावर एक लावत असतात, देठ सगळे एका बाजूला, हात थांबत नाही आणि गप्पाही थांबत नाहीत. गाडीच्या काचेतून ही वाडी नुसता हिरवा पट्टा म्हणून निघून जाते. पुढे माहीमचा आणि शिरगावचा किल्ला. १७३९ मध्ये वसई पडली हे आपण शाळेत शिकतो, पण त्याआधी त्याच मोहिमेत मराठ्यांनी केळवे, माहीम, शिरगाव ही ठाणी एकेक करून घेतली होती. ही ठाणी एकमेकांपासून किती जवळ आहेत हे सायकलवर असताना पायांना कळतं, आणि मग ती मोहीम डोळ्यांपुढे उभी राहते.

पैशांचा मुद्दा. फोल्डिंग सायकल महाग असते, खरंय. ती घ्याच असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आपल्या मुंबईत सायकल आणि लोकल यांची सांगड घातली ती डबेवाल्यांनी, १८९० पासून चालत आलेल्या त्यांच्या धंद्यात. त्यांचे डबे लोकलमधून जातात, सायकली स्टेशनबाहेर थांबतात. आपणही तेच करू शकतो. माझ्या ओळखीतल्या दोन कुटुंबांनी मिळून एक जुनी, बिनगिअरची सायकल विकत घेतली आणि पालघरला नातेवाइकांकडे ठेवली. महिन्यातून एकदा कुणीतरी जातं, हवा भरतं, तेल घालतं आणि निघतं. लोकलमध्ये त्यांच्या हातात पाण्याची बाटली आणि हवेचा पंप, एवढंच.

खरं सांगायचं तर रेल्वेकडे माझं मागणं लोकलमध्ये सायकलला जागा द्या असं नाहीच. सफाळे, केळवे रोड, पालघर, वसई रोड अशा स्टेशनांबाहेर भाड्याच्या सायकलींचा एक साधा स्टँड द्या, असं आहे. नेदरलँड्समध्ये तिथली रेल्वे शेकडो स्टेशनांवर हे करते. ज्या कार्डावर ट्रेनचा प्रवास त्याच कार्डावर सायकल. आपल्याकडे शेअर रिक्षा स्टेशनबाहेर रांगेत उभ्या राहू शकतात, तर वीस सायकलींना जागा मिळणं अशक्य नाही. तसं झालं तर तुमची गर्दीची तक्रार आणि महागड्या सायकलीची तक्रार दोन्ही मिटतात, आणि पास काढून रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला विरारपासून पुढचं तिकीट काढून रविवार समुद्रावर घालवता येतो. कार नसलेल्या माणसाचा या किनाऱ्यावर हक्क आहे. तो त्याला आज फारसा मिळत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

गावाला काय मिळतं, असंही तुम्ही विचारलंत. सायकलवाला दर दोन-तीन तासांनी काहीतरी खातो-पितो: शहाळं, वडापाव, कुणाच्या ओटीवरचा चहा. पैसे टपरीवर जातात. फोटोसाठी लोकांच्या पडवीत घुसणारे असतात, त्यांच्याबद्दल तुमचा संताप योग्य आहे. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये.

आता तुमची मुलगी. बारा वर्षांची आहे, नुकती सायकल शिकली आहे आणि विरारमध्ये चालवायला रस्ता नाही, असं तुम्ही लिहिलंत. तिला अजून लोकलमध्ये बसवायची गरजच नाही, तुमचं स्टेशन हीच सुरुवात. रविवारी सहाच्या सुमाराला विरार पश्चिमेला निघा. बोळींजपर्यंत तिला तुमच्या डाव्या हाताला ठेवा, तेवढाच भाग वाहनांचा. आगाशी आली की तळ्यापाशी थांबा. तिथून नंदाखाल, उमराळे करत निर्मळपर्यंत जा. केळी आणि फुलांच्या वाड्यांतून रस्ता जातो, चढ नाही. आगाशीच्या बाजूला राजेळी केळ्यांची सुकेळी मिळाली तर घ्या, दप्तरात दोन टाकली की तिची न्याहारी झाली. अर्नाळ्याचा फाटा या खेपेला टाळा, रिसॉर्टकडे जाणाऱ्या गाड्या नऊपासून सुरू होतात आणि तो रस्ता अरुंद आहे. सीट अशी लावा की बसल्यावर तिच्या पायांची बोटं जमिनीला टेकतील. आत्मविश्वास आला की महिन्याभराने थोडी वर घ्या. पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही, हे मात्र निघण्याआधी सोसायटीच्या आवारातच तिच्याकडून करून घ्या.