खायचा सोडा सगळ्याच सेलले चालत नाही

जुनं कॅल्क्युलेटर साफ करायचा तुमचा लेख झकास आहे भाऊ, पण गळलेल्या सेलच्या घाणीवर सरसकट खायचा सोडा लावा लिहिलंय ते काही पटलं नाही. साधे झिंक-कार्बनचे सेल गळले तर ती घाण आम्लधर्मी असते, तिथं सोडा ठीक, पण अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड निघते, ती पांढरी पापडी धरते ना, तिले थोडंसं व्हिनेगर नाहीतर लिंबू लागते, तेही कापूस गुंडाळलेल्या काडीनं, ओतायचं नाही, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून चांगलं वाळू द्यायचं. हातमोजे घाला बाप्पा, कातडी जाळते ते.

आमच्या इकडे अडत दुकानातलं नाहीतर जिनिंगमधलं जुनं कॅल्क्युलेटर उघडलं की बटनाखाली रुईचे तंतू अन् तेलकट मळ यांचा नुसता गोळा निघतो, तो आधी कोरड्या ब्रशनं काढा, बटनं सुटी होत असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. थिनर नको म्हणजे नकोच, आकडे पुसले जातात, प्लास्टिकही मऊ पडते. एलसीडीले, म्हणजे आकडे दिसतात त्या काचेले, जोडलेल्या पातळ पट्टीले तर अल्कोहोलही लावू नका, ती एकदा सुटली की आकडे अर्धवट दिसतात.

अन् लाइटच्या बोर्डावर चालणारं मोठं कॅल्क्युलेटर असंल तर पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, करंट राहू शकते, लगेच बोटं घालू नका. अडॅप्टरचंही पाहा, बऱ्याच जुन्या मॉडेलात मधली पिन निगेटिव्ह असते, कोणताही लावला तर काम तमाम.