१२ लीडचा ईसीजी, मग तारा १० च का?

‘१२ लीडचे पैसे घेतात आणि १० च तारा लावतात, म्हणजे ईसीजी अर्धवट’ असा मेसेज फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. लीड म्हणजे तार नव्हे. लीड म्हणजे हृदयाच्या विजेकडे पाहायची एक दिशा. हातापायांच्या चार तारांपैकी उजव्या पायाची तार फक्त खरखर कमी करायला असते. उरलेल्या तिन्हींच्या जोड्यांतून यंत्र सहा लीड काढतं: एक, दोन, तीन, एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ. छातीवरच्या सहा तारांच्या सहा. झाल्या १२.

काळजी करायचीच तर तारा कुठे लागल्या याची करा. व्ही१ आणि व्ही२ या छातीवरच्या पहिल्या दोन तारांची जागा चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला. घाईत त्या वर, दुसऱ्या बरगडीखालच्या फटीत चिकटवल्या, तर कधी न आलेल्या हृदयविकाराच्या जुन्या झटक्यासारखं चित्र उमटू शकतं. हातांच्या तारांची अदलाबदल झाली की पहिली लीड उलटी पडते आणि एव्हीआरमधली एरवी खाली जाणारी लाट वर येते. असा कागद हाती आला तर आधी तारा तपासा, मग ईसीजी पुन्हा काढा.