आधी मॉनिटर दाखव, मग कार्डाचं बोलू

भाच्याचा मेसेज आला, "मामा, हे घेऊ का?" खाली गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डाची लिंक: आरटीएक्स ५०६० टीआय, ८ जीबी मेमरी. सुट्टीत शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत पोरानं. मी विचारलं, मॉनिटर कुठला आहे तुझा? तर म्हणे, "मॉनिटरचा काय संबंध?"

अरे बाबा, सगळा संबंध त्याचाच! कार्डाचं काम काय, तर पडद्यावरचे बारीक ठिपके, म्हणजे पिक्सल रंगवणं. १०८० पीच्या पडद्यावर ते २०.७ लाख, १४४० पीवर ३६.९ लाख, फोरकेवर ८३ लाखांच्या घरात. भाच्याचा मॉनिटर १०८० पी, ७५ हर्ट्झ. म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ७५ वेळा बदलणार. कार्डानं सेकंदाला दीडशे फ्रेम, म्हणजे चित्रं, काढली तरी दिसणार कुठे? (माउसचा लॅग थोडा कमी होतो, मान्य. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळणारे कमेंटमध्ये धावून येण्याआधीच कबूल करतो.)

दुसरा घोळ नावांचा. एकाच नावाखाली दोन कार्डं विकायची ही जुनी खोड आहे. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० आलं, ६ जीबी आणि ३ जीबी. लोकांना वाटलं फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्यात कोअरही, म्हणजे गणित करणारे भागही, १२८० ऐवजी ११५२ होते. ५०६० टीआयमध्ये कोअर तरी सारखे ठेवलेत, पण ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार आहेतच. नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रा या वरच्या सेटिंगवर टाकले की ८ जीबी भरून जातात, उरलेला माल साध्या रॅममधून ओढावा लागतो आणि गेम गचके खातो. एवढे पैसे मोजून ८ जीबी घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. पण म्हणून नुसत्या जीबीवरही भुलू नका. जीटी ७३० सारख्या जुन्या, कमकुवत कार्डाला ४ जीबी चिकटवून 'गेमिंग पीसी' म्हणून खपवणारे आहेतच.

रविवारी त्याच्या ठाण्याच्या रूमवर जाऊन कॅबिनेट उघडलं. पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. स्टिकरवर मात्र ऐटीत ४५० वॅट. कार्डासाठीची ८ पिनची वायरच नाही! ५०६० टीआय १८० वॅटचं, आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात फार तर ७५. बाकीचे कुठून आणणार? "दुकानदार म्हणाला, दुसऱ्या वायरींना जोडायचा कन्व्हर्टर देतो." मी फक्त हात जोडले.

शेवटी ब्रँडेड ५५० वॅटचा एसएमपीएस नवा घेतला. कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, वापरलेलं आरएक्स ६६००. २०२१ चं, १३२ वॅटचं. हेही ८ जीबीच, पण किंमत निम्म्याहून कमी. बिल बघितलं, दुकानातच अर्धा तास गेम चालवून पंख्यांचा आवाज ऐकला, मगच पैसे दिले. उरलेल्या पैशांत १४४ हर्ट्झचा मॉनिटर.

रात्री फोन. "मामा, नवा मॉनिटर जुन्यासारखाच दिसतोय. उगाच घेतला." व्हिडिओ कॉलवर डिस्प्ले सेटिंग उघडायला लावलं. विंडोजनं ६० हर्ट्झच धरलेलं. १४४ केलं, तसा तो नुसता माउस गोल गोल फिरवत बसला. फोन चालूच होता, पण मामाची आठवण कुणाला!